बुश, खड्डे आणि अण्णांची वही

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर चहा घेऊन वाचा, नसेल तर सोडून द्या, राग नाही.

आमच्याकडे २००४ ची मारुती ८०० आहे. अण्णांनी घेतली तेव्हा ते एसटीच्या आगारात वर्कशॉपला होते, पीएफमधून पैसे उचलले होते. २०१९ ला आणि परत २०२४ ला तिचं रजिस्ट्रेशन रिन्यू केलं, पर्यावरण कर भरला. लोक विचारतात, अजून कशाला ठेवलीय? उत्तर सोपं आहे. दुसरी घ्यायची ऐपत नाही आणि गाडीशिवाय भागत नाही. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, आईला डायलिसिससाठी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागतं. जाऊन-येऊन ८२ किलोमीटर.

डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होतं. एक रुपया लागत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी रस्त्याबद्दल बोलणार आहे आणि 'तुम्हा पत्रकारांना चांगलं काही दिसतच नाही' अशी कमेंट येणारच. दिसतं. ही योजना नसती तर आई आज नसती. पण उपचार मोफत आणि उपचारापर्यंतचा रस्ता महाग, असा आमचा प्रकार आहे. किती महाग, ते परवा गाडीखाली आडवा झालो तेव्हा नीट कळलं.

दिवाळीनंतर गाडीतून आवाज यायला लागला. खड्ड्यात चाक गेलं की खट्. स्पीडब्रेकर उतरताना खट्. ब्रेक मारला की खट्, आणि गाडी जरा डावीकडे ओढायची. डायलिसिस करून निघताना आईचं बीपी उतरलेलं असतं, अंगात त्राण नसतं. मागच्या सीटवर दोन उशा टाकून ती आडवी होते. प्रत्येक 'खट्'ला तिचे डोळे उघडायचे. बोलायची काही नाही, फक्त पुढच्या सीटची पाठ धरायची. ज्या हाताला फिस्टुला केलाय तो जपून, दुसऱ्या हाताने.

गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने चाक हलवून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, लोअर आर्मचे बुश गेलेत दोन्ही बाजूचे. आर्मच नवीन टाका. मजुरी धरून साडेचार हजार. पण गाडी दोन दिवस ठेवावी लागंल, माझ्याकडं लाईन आहे." साडेचार हजार तेव्हा नव्हते. आम्हा तालुका वार्ताहरांचं मानधन कधी येतं हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. आणि शनिवारी गाडी दिली तर मंगळवारी सकाळी सहाला ती मिळेलच याची खात्री तो देईना.

अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "आर्म कशाला? नुसते बुश आण. रविवारी आपण टाकू."

अण्णांचं वय ७४. हाताला कंप आहे, पाना धरवत नाही. म्हणजे 'आपण' याचा अर्थ मी.

बुश म्हणजे नेमकं काय

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडा. गाडीचं पुढचं चाक बॉडीला एका लोखंडी हाताने धरलेलं असतं. तो लोअर आर्म. चाक वर-खाली होतं तसा हा हात बिजागरीसारखा हलतो. पण साध्या बिजागरीत लोखंड लोखंडावर घासतं. इथे तसं होऊ नये म्हणून मध्ये रबराचं जाड कडं बसवतात, त्याच्या पोटात लोखंडी नळी, आणि नळीतून बोल्ट. हा झाला बुश. गॅरेजमध्ये याला 'सायलेंट बुश' म्हणतात. आवाज होऊ देत नाही म्हणून सायलेंट. याशिवाय दोन्ही आर्मना जोडणारा एक आडवा दांडा असतो, स्टॅबिलायझर रॉड, त्यालाही रबरी बुश असतात.

रबर झिजलं, तडकलं की बोल्ट मोकळा होतो आणि लोखंड लोखंडावर आदळतं. तोच तो 'खट्'. नुसत्या आवाजाचं एवढं काही नाही. पण ब्रेक मारताना आर्म जागचा सरकतो, चाकाचा कोन बदलतो, गाडी ओढते, टायर एका कडेने खाल्ले जातात. आमच्या वाटेवर ओढ्याचा एक अरुंद पूल आहे, कठडा अर्धा तुटलेला. तिथे समोरून उसाचा डबल ट्रॉलीवाला ट्रॅक्टर आला आणि मी ब्रेक मारला, तेव्हा ही ओढ कुठे नेऊ शकते ते डोळ्यांनी बघितलं.

आर्मचे दोन बुश, रॉडचे चार आणि दोन डी बुश. सगळे मिळून ७४० रुपये.

रविवार

अण्णा खुर्ची टाकून बसले. पहिली सूचना: "नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली डोकं घालायचं नाही. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही." मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, शेजारच्या बांधकामावरून दोन लाकडी ठोकळे आणून बॉडीखाली दिले आणि काढलेलं चाकसुद्धा आडवं करून खाली सरकवलं. ठोकळा निसटलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

मी शहाणपणा करून एकच बाजू उचलली होती. पिन काढली, नट काढला, पण रॉड काही आर्ममधून सुटेना. हातोडी मारली, पहार लावली. अण्णा शांतपणे बघत होते. पंधरा मिनिटांनी म्हणाले, "दमलास का? आता दुसरी बाजू पण उचल." एक चाक हवेत आणि एक जमिनीवर असलं की आडवा दांडा पिळलेला राहतो. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या आणि रॉड हाताने निघाला. हे त्यांनी आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाले, "सांगितलेलं विसरतोस तू."

आर्मचा बोल्ट गंजून एकजीव झाला होता. त्याच्यावर आदल्या रात्रीच डिझेल सोडून ठेवलं होतं. गोटी पान्याला तीन फुटी पाइप लावला तेव्हा कुठे किर्र करून हलला. आर्म बाहेर काढून वाइसमध्ये धरला. जुना बुश काढायला एका बाजूने लहान गोटी, दुसऱ्या बाजूने मोठी गोटी, मध्ये आर्म, आणि वाइस आवळत जायचं. लहान गोटी ढकलते, मोठीच्या पोटात जुना बुश येऊन पडतो. नवा बसवतानाही तसंच. फक्त ग्रीस लावायचं नाही, तेलाने रबर फुगतं. साबणाचं पाणी लावायचं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी आली. आर्म लावला, बोल्ट घातला, आणि मी तो कसायला लागलो. अण्णा खुर्चीतून उठलेच. "थांब! गाडी खाली घेतल्याशिवाय आवळायचा नाही."

कारण असं. गाडी हवेत असताना चाक खाली लोंबतं. त्या अवस्थेत बोल्ट आवळला तर रबर तिथेच पकडलं जातं. मग गाडी जमिनीवर आली, वजन पडलं, की रबर कायमचं पिळलेलं राहतं. नवा बुशसुद्धा थोड्या महिन्यांत फाटतो. म्हणून बोल्ट नुसता अडकवायचा, चाकं लावायची, सेंट्रिंगच्या फळ्यांवर गाडी चढवायची म्हणजे खाली हात जायला जागा होते, गाडी दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि वजन अंगावर असतानाच बोल्ट पक्का करायचा. "वर्कशॉपला नवीन पोरं हीच चूक करायची," अण्णा म्हणाले. "हवेत सगळं बरोबर बसतं."

वही

संध्याकाळी हात धुऊन आलो तर अण्णा वही लिहीत बसले होते. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. गाडी घेतल्यापासून तिच्यावर झालेलं प्रत्येक काम त्यांनी यात लिहिलंय: तारीख, किलोमीटर, पार्ट, रुपये. आगारातली सवय. मी ही वही वीस वर्षं बघतोय, पण कधी उघडून वाचली नव्हती. परवा वाचली.

लोअर आर्म बुशच्या नोंदी अशा:

कंपनीचे मूळ बुश २००४ पासून २०१५ पर्यंत चालले. ७८ हजार किलोमीटर.
२०१५ ला टाकलेले २०२० पर्यंत. २६ हजार किलोमीटर.
२०२० चे ऑगस्ट २०२४ पर्यंत. १६ हजार.
ऑगस्ट २०२४ चे परवापर्यंत. १७ महिने. १२ हजार.

मी बातमीदार आहे, त्यामुळे दुसरी बाजूही सांगतो. पहिले बुश कंपनीचे होते, नंतरचे बाजारातले. मधली कामं वेगवेगळ्या मिस्त्रींनी केली, कुणी हवेतच बोल्ट आवळला असेल. गाडी म्हातारी झाली. पूर्वी ती गावात आणि सासरवाडीला जायची, आता आठवड्याला चार वेळा तोच रस्ता तुडवते. म्हणजे ही वही काही कोर्टात टिकणारा पुरावा नाही. पण त्याच वहीत गेल्या १७ महिन्यांत दोन टायर, एक शॉकअ‍ॅब्सॉर्बर, एक वाकलेली रिम आणि तीन वेळा अलाइनमेंट आहे. बेरीज केली. १४,३६० रुपये. आजचे ७४० धरून १५,१००.

स्टँडवरच्या जीपवाल्यांना विचारलं. तिघांनी हसून सांगितलं, बुश आता आम्ही डझनावर आणून ठेवतो. टमटमवाला म्हणाला, "साहेब, मी बुश मोजतच नाही, मणक्याचं बघतो."

रस्त्यासाठी सरकारने किती खर्च केला याचा आकडा फलकावर असतो, बजेटमध्ये असतो, भाषणात असतो. हा दुसरा आकडा, गाडीवाल्यांच्या खिशातून जाणारा, कुठल्याच कागदावर नाही. असलाच तर अण्णांच्या वहीसारख्या वह्यांत.

आता माझ्याबद्दल

या ४१ पैकी २३ किलोमीटर रस्त्याची 'सुधारणा' झालेली आहे. २०२२ ला भूमिपूजन, मे २०२३ ला लोकार्पण. दोन्ही बातम्या मीच केल्या. दोन्हींत 'नागरिकांत समाधानाचे वातावरण' हे वाक्य आहे. नागरिकांना मी विचारलं नव्हतं.

पहिल्याच पावसाळ्यात डांबर उखडलं. आमच्याकडे काळी माती. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर रस्ता करायचा तर खालचा भराव नीट हवा आणि कडेला पाणी निघून जायला चर हवा. डांबराला गाडीपेक्षा जास्त पाणी मारतं. इथे चर काढलाच नाही, साइडपट्टी मुरमाने भरून मोकळे झाले. हे मला तेव्हाही कळत होतं. फोटो काढले, बातमी लिहिली, चार कॉलम. दुसऱ्या दिवशी ती आतल्या पानावर दहा ओळींत आली, ठेकेदाराचं नाव गाळून.

का, ते मला माहीत होतं. कारण दिवाळी पुरवणीसाठी त्याच ठेकेदाराची पान जाहिरात मीच आणली होती. आमच्यासारख्यांना जाहिरातीचं टार्गेट असतं आणि कमिशन असतं. माझं कमिशन ६ हजार झालं होतं. मी ते घेतलं. आणि दहा ओळींबद्दल वरिष्ठांशी भांडलो नाही. त्यानंतर त्या रस्त्यावर मी एकही बातमी केली नाही. कुणी दम दिला नव्हता. मीच गप्प बसलो.

६ हजार आले आणि १५,१०० गेले. हिशेब पैशाचा नाही, हे मलाही कळतं. माझ्या न लिहिलेल्या बातमीच्या खड्ड्यातून माझीच आई आठवड्याला दोनदा जाते आणि सीटची पाठ धरते, हा हिशेब आहे. तो रविवारी रात्री वही मांडीवर घेऊन बसल्यावर मांडून झाला.

फोटो

त्या रात्री जुन्या मोबाइलमधले भूमिपूजनाचे फोटो काढले. पेपरात छापताना फोटो कापला होता, कुदळ आणि चेहरे तेवढे ठेवले होते. मूळ फोटोत मागे कामाचा माहिती फलक आहे. तो फलक आता जागेवर नाही. फोटो मोठा करून बघितला. एका नेत्याच्या फेट्यामागे अर्धी ओळ झाकलीय, पण शेवटची ओळ वाचता येते: दोष दायित्व कालावधी, ३ वर्षे.

याचा साधा अर्थ: काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. लोकार्पण मे २०२३. म्हणजे, पूर्णत्वाची तारीख तीच धरली तर, मुदत मे २०२६ ला संपते. आज जानेवारी आहे. चार महिने उरलेत. ते गेले की त्याच खड्ड्यांसाठी नवं अंदाजपत्रक, नवी निविदा, नवं भूमिपूजन, आणि बहुधा मीच बातमी करणार.

सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज दिला. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. चार गोष्टी मागितल्यात: काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि त्यावरची तारीख, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, ठेकेदाराची अनामत अजून जमा आहे की परत केली, आणि या मुदतीत त्याच्याकडून काय काय दुरुस्त करून घेतलं. उत्तराला कायद्याने ३० दिवस आहेत. माहिती अधिकारात कागदच मिळतात असा समज आहे. तसं नाही. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याचाही हक्क त्याच कायद्यात आहे. उत्तर उडवाउडवीचं आलं तर पुढचा अर्ज तो असेल.

कायदे कमी नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८अ हे कलम आलं. रस्त्याचं काम आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तर खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलं. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, ही न्यायालयाची भूमिका त्याआधीपासूनची आहे.

पण बघा, हे सगळं माणूस मेल्यावर किंवा मोडल्यावर सुरू होतं. त्याआधी जे रोज थोडं थोडं झिजतं, रबर, टायर, मणका, त्याला कलम नाही. तिथे मुदत संपायच्या आत विचारणं एवढंच आपल्या हातात आहे. आणि विचारायचं काम ज्यांचं होतं, ते माझ्यासारखे, कमिशन मोजत बसले.

२६ जानेवारीच्या पुरवणीसाठी त्या ठेकेदाराला मी फोन केला नाही. ऑफिसला तसं कळवलंय. टार्गेट पूर्ण होणार नाही, त्याचं काय व्हायचं ते होईल. यात शौर्य काही नाही. तीन वर्षं उशीर झालाय.

मंगळवार

मंगळवारी आईला घेऊन निघालो. खड्डे तेच, पूल तोच, वेग तोच, ताशी पंचवीस. पण 'खट्' नाही. ब्रेक मारला, गाडी सरळ उभी राहिली. परत येताना आई उशीवर डोळे मिटून पडली होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "केला वाटतं रे रस्ता यांनी."

मी म्हटलं, "नाही आई. आवाज बंद केलाय फक्त."

"बरं केलंस," म्हणाली आणि झोपली.

मला मात्र ते नीट बसलं नाही. आवाज बंद करायचं काम मी याआधीही एकदा केलेलं आहे.

मित्रांनो, या रस्त्याने जाणाऱ्यांना एकच विनंती. तुमच्या गाडीच्या दुरुस्तीची बिलं फेकू नका. तारीख, किलोमीटर, रुपये, एवढं लिहून ठेवा, आणि फोटो काढून मला पाठवा. जीप, रिक्षा, टेम्पो, मोटारसायकल, काहीही. एका वहीवर कुणी विश्वास ठेवणार नाही, शंभर वह्या टेबलावर ठेवल्या तर बघावं लागेल. मे महिन्याच्या आत ठेवायच्या आहेत.

ता. क. : घरी बुश बदलणार असाल तर तीन गोष्टी विसरू नका. जॅकवर विसंबून गाडीखाली जायचं नाही. दोन्ही बाजू सारख्या उचलायच्या. आणि शेवटचा बोल्ट, गाडीचं वजन जमिनीवर आल्यावरच आवळायचा. नंतर अलाइनमेंट करून घ्या. हे अण्णांनी लिहायला सांगितलंय. वाचून दाखवल्यावर म्हणाले, "बाकीचं पण बरोबर आहे. फक्त ७४० नाही, ७४५. कोर्ट फी तिकीट आणायला पाठवलेल्या पोराला पाच रुपये दिलेस ते धरले नाहीस."